ऑपरेशननंतर अंगातली शक्ती जाते कुठे?

ऑपरेशन म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टींची चौकशी होते. टाके किती पडले आणि खर्च किती आला. टाके निघाले, जखम कोरडी झाली, की सगळे पार पडले असे घरची मंडळी धरून चालतात. पण महिना-दीड महिन्याने तीच रुग्ण दवाखान्यात येते आणि सांगते, "डॉक्टरसाहेब, जखम भरली, पण अंगात जीवच राहिला नाही. हंडा उचलला की मांड्या थरथरायलेत." सोबतची सासू म्हणते की कमरेत भुलीची सुई दिली, तेव्हापासून असे झाले. कोणी म्हणते रक्त फार गेले. कोणी नजर लागल्याचे सांगते.

कण्यात दिलेल्या भुलीच्या सुईने माणूस महिनोन्‌महिने अशक्त राहत नाही. सुईची जागा दोन-चार दिवस दुखते एवढेच. अंगातली शक्ती जाते ती दुसऱ्याच वाटेने, आणि ती वाट बरीचशी आपल्या स्वयंपाकघरातून जाते. शस्त्रक्रियेने शरीराच्या चयापचयावर काय परिणाम होतो आणि त्या काळात खाणे कसे असावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आपल्या बीड जिल्ह्याला हा विषय का जवळचा आहे, ते पुढे येईलच.

शरीराची शिल्लक

आपण खातो त्या अन्नाचे रूपांतर उष्णतेत, हालचालीत आणि शरीराच्या बांधणीत होते. या सगळ्या देवाणघेवाणीला चयापचय म्हणतात. शरीर अन्नाची शिल्लकही ठेवते. ही शिल्लक तीन ठिकाणी असते.

पहिली यकृतातील साखरेची. ती साधारण १०० ग्रॅम असते आणि उपाशी राहिल्यास एका दिवसाच्या आत संपते. ही म्हणजे डब्यातले पीठ. दुसरी शिल्लक चरबीची. ती कणगीतल्या ज्वारीसारखी, बरेच दिवस पुरणारी. तिसरी स्नायूंतील प्रथिनांची. पण स्नायू ही खरे तर शिल्लक नव्हेच. ते घराचे वासे आहेत. चालणे, उठणे, वजन उचलणे, खोकून कफ बाहेर टाकणे, एवढेच काय, श्वास घेणेसुद्धा त्यांच्यावर चालते. चुलीला सरपण नाही म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसे शरीर अडचणीत सापडले की स्नायू मोडून खाते.

शस्त्रक्रियेनंतर नेमके हेच घडते.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी काय पाहिले

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९३० च्या दशकात डेव्हिड कथबर्टसन नावाचे संशोधक पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. प्रथिने मोडली की त्यातला नत्र लघवीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे लघवीतील नत्र मोजला की अंगातली किती प्रथिने खर्ची पडली ते कळते. त्यांना आढळले की मोडलेल्या पायाच्या मानाने नत्र फारच जास्त जात होता. याचा अर्थ मार एका पायाला बसला, पण स्नायू सगळ्या अंगाचे झिजत होते.

पुढे १९४२ मध्ये कथबर्टसन यांनी या बदलाला ओहोटी आणि भरती अशी नावे दिली. मार बसल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिला एखादा दिवस शरीर थंडावते. नाडी मंद लागते, हातपाय गार पडतात, सगळे व्यवहार आवरते घेतले जातात. ही ओहोटी. त्यानंतर भरती येते. अंग थोडे तापते, नाडी वाढते, इंधन भराभर जळू लागते आणि स्नायूंची झीज सुरू होते. साध्या, नियोजित शस्त्रक्रियेत ही अवस्था साधारण आठवडाभर असते. जखमेत पू झाला, ताप आला, तर ती लांबते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसाच्या शरीरात तर इंधनाचा खर्च जवळपास दुपटीवर जातो. भरती ओसरली की शरीर पुन्हा बांधणीला लागते आणि हे काम काही आठवडे, कधी काही महिने चालते.

हिशेब करून पाहा. एक ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिने. स्नायूंत तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणून एक ग्रॅम नत्र गेला की सुमारे ३० ग्रॅम स्नायू गेला. एखाद्या रुग्णाच्या शरीरातून दिवसाला १० ग्रॅम नत्र भरपाईविना गेला, तर ३०० ग्रॅम स्नायू झिजतो. मुळात ४०-४२ किलो वजनाच्या बाईला ही झीज आठवडाभर परवडणारी नाही. मांड्या थरथरतात त्या यामुळे.

उपवास वेगळा, ऑपरेशन वेगळे

काही वाचक म्हणतील, आम्ही नवरात्रात नऊ दिवस उपवास करतो, तेव्हा काही होत नाही. हा प्रश्न चांगला आहे. निरोगी माणूस उपाशी राहिला की शरीर दोन-तीन दिवसांत काटकसर शिकते. ते चरबीवर चालू लागते आणि स्नायू जपते. शस्त्रक्रियेनंतर मात्र ही काटकसर जमत नाही.

याचे कारण असे. शस्त्रक्रिया कितीही सफाईने केली तरी शरीराच्या दृष्टीने ती जखमच असते. मेंदूला धोक्याची सूचना मिळते. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरके जोराने स्रवू लागतात. ती स्नायूंना मोडण्याचा हुकूम सोडतात. मोडलेल्या प्रथिनांपासून यकृत साखर तयार करते, कारण मेंदूला, रक्तातील तांबड्या पेशींना आणि जखम भरणाऱ्या पेशींना साखर लागते आणि चरबीपासून ती पुरेशी बनवता येत नाही. काही प्रथिने जखम सांधायला व जंतूंशी लढायला जातात. म्हणजे हे शरीराचे वेडेपण नव्हे. एक भिंत पडली म्हणून दुसऱ्या भिंतीचे दगड काढून ती बांधावी, तसा हा प्रकार आहे. बाहेरून दगड आणून दिले, तर दुसरी भिंत बरीचशी वाचते. बाहेरून आणायचे दगड म्हणजे अन्न.

याच संप्रेरकांमुळे इन्सुलिनचे चालेनासे होते आणि रक्तातील साखर वाढते. मधुमेह नसलेल्यांचीही वाढू शकते, मग मधुमेह असणाऱ्यांचे विचारायलाच नको. वाढलेली साखर जखम चिघळवते. म्हणून ऑपरेशनच्या आधी व नंतर साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांची पाकिटेच डॉक्टरांना दाखवावीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद किंवा सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट. पहिले दोन दिवस शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. लघवी कमी होते, चेहरा व पाय किंचित सुजतात, वजनही भरते. घरच्यांना वाटते, "सलाईननं बाई चांगली भरली." ते भरणे पाण्याचे असते. आठ दिवसांनी पाणी उतरते आणि खरी झीज दिसू लागते.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

हे सारे बीड जिल्ह्यात का सांगायचे? धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या अंगावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर फडात तोडणी करते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी. खाडा पडला की मुकादम दंड लावतो. अशा बाईला ओटीपोटात दुखू लागले, अंगावर पांढरे जाऊ लागले, की कोणीतरी सांगते, "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल."

२०१९ मध्ये या प्रकाराची राज्यभर चर्चा झाली. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ १७. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात शंभरात सुमारे ३ होते. त्याच वर्षी जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, यावर पुष्कळ लिहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर त्या बायांचे काय झाले, त्या काय खात होत्या, किती दिवसांनी फडात गेल्या, यावर फारसे कोणी बोलत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत मला तीन गोष्टी वारंवार दिसतात. ऑपरेशनच्या आधीच त्यांचे हिमोग्लोबिन कमी असते. ऑपरेशननंतर पथ्याच्या नावाखाली त्यांना अर्धपोटी ठेवले जाते. आणि अंगात ताकद येण्यापूर्वीच कोयता हातात येतो. या तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

आधीची तयारी

अमेरिकेतील शल्यचिकित्सक हायराम स्टडली यांनी १९३६ मध्ये जठरव्रणाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनपूर्वी ज्यांचे वजन एक पंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी दर तिघांत एक दगावला. बाकीच्यांत हे प्रमाण शंभरात तीन-चारच होते. शल्यचिकित्सक तोच, ऑपरेशन तेच. फरक होता तो रुग्णाने सोबत आणलेल्या शिदोरीचा.

आपल्या राज्यात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो रक्तक्षय. जीव धोक्यात नसेल आणि ऑपरेशन पुढे ढकलण्याजोगे असेल, तर सहा-आठ आठवडे घेऊन आधी रक्त वाढवावे. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्यास फरक दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळी होते, त्याची भीती बाळगू नये. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते. जंत असतील तर आधी त्यांचे औषध घ्यावे.

मिश्री आणि तंबाखू सोडावी. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचते आणि टाके उसवण्याची भीती वाढते. निदान चार आठवडे आधी सोडणे हिताचे. पुरुषांच्या विडी-सिगारेटलाही हाच नियम.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवण्याबाबत जुनी पद्धत फार कडक होती. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे यकृतातली साखर टेबलावर जाण्याआधीच संपलेली. आजचा सर्वमान्य नियम असा की हलके जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी, साखरपाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. तळलेले व मटण-चिकन यांना त्याहून जास्त वेळ लागतो. गरोदर स्त्रिया, मधुमेही, स्थूल आणि पोटाचे विकार असलेल्यांचे नियम वेगळे असू शकतात. तेव्हा भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम मानावी. पण ती वेळ नेमकी किती, हे विचारायला लाजू नये.

पथ्य की उपासमार?

ऑपरेशन झालेल्या बाईला डाळ देत नाहीत, डाळीने टाक्यात पू होतो म्हणे. अंडी देत नाहीत, उष्ण पडतात. दही-ताक नाही, थंड पडते. वांगे नाही, शेंगदाणे नाहीत, फळे नाहीत. मग उरले काय? चहा-बिस्कीट, मऊ भात, साबुदाणा आणि सलाईन. यादी नीट वाचा. ज्या ज्या पदार्थात प्रथिने आहेत, तो तो पदार्थ आपण काढून टाकला आहे. जखम बांधायला दगड हवेत आणि आपण गाडीभर भुसा पाठवतो आहोत.

एका सासूबाईंना मी विचारले, "मावशी, सुनेला डाळ का देत नाही?" त्या म्हणाल्या, "टाक्यात पू धरतो म्हणतेत सगळे." मी म्हणालो, "पू जंतूंनी होतो. अन् जंतूंशी लढणारे शिपाई प्रथिनांचेच बनतात. डाळ बंद केली की शिपाई उपाशी." त्यांनी दुसऱ्या दिवसापासून घट्ट वरण सुरू केले. टाक्यात पू झाला नाही.

सलाईनचाही हिशेब सांगतो, कारण त्यावर लोकांची फार श्रद्धा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यापासून शंभर कॅलरीही पुरत्या मिळत नाहीत. प्रथिने शून्य. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत दोनशेच्या वर कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दोन बाटल्या मिळून एका भाकरीची बरोबरी करीत नाहीत. तोंडाने घेता येत नसेल, उलट्या होत असतील, रक्तस्राव झाला असेल, तर सलाईन प्राण वाचवते. पण जेवू शकणाऱ्या माणसाला ताकदीसाठी सलाईन लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

वारा सरेपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, हा नियमही आता सरसकट राहिलेला नाही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की रुग्णाला लवकर खाऊ घातले, लवकर चालवले आणि वेदना नीट आटोक्यात ठेवल्या, तर तो लवकर बरा होतो. गर्भपिशवी, सिझेरियन, हर्निया अशा शस्त्रक्रियांनंतर मळमळ नसेल तर बहुतेकांना पहिल्या चोवीस तासांत तोंडाने सुरू करता येते. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र शल्यचिकित्सक सांगतील तेव्हाच.

किती खावे आणि काय खावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. शस्त्रक्रियेनंतर ही गरज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते. ४५ किलोच्या बाईला एरवी ३७ ग्रॅम पुरतात, तिथे आता ५४ ते ६८ ग्रॅम लागतात. हे कुठून आणायचे? बाजारातल्या महागड्या पावडरींच्या डब्यांची गरज नाही. आपल्याच घरातला हिशेब पाहा.

तीन भाकरी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ: २० ग्रॅम प्रथिने.
दोन वेळचे घट्ट वरण, ६० ग्रॅम तूरडाळ: १३ ग्रॅम.
दोन अंडी: १२ ग्रॅम.
मूठभर शेंगदाणे किंवा त्यांची चटणी, ३० ग्रॅम: ७ ग्रॅम.
एक पेला दूध: ६ ग्रॅम.

बेरीज ५८ ग्रॅम. अंडी चालत नसतील तर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वाटीभर दही घ्यावे. हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे उत्तम. पहिले दोन-तीन दिवस भाकरी जात नसेल तर ती वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी. एका वेळी ताटभर खाववत नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

प्रथिने खाल्ली पण एकूण अन्न कमी पडले, तर शरीर ती प्रथिनेही सरपण म्हणून जाळते. म्हणून भाकरी, भात, तेल, गूळ हेही पोटभर हवेत. जखमेचा धागा विणायला क जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू, लिंबू यांत भरपूर. शेवग्याचा पाला आणि हिरव्या पालेभाज्या रोज असाव्यात. बालाघाटच्या डोंगरातले आपले सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते हंगामात जरूर खावे. ते थंड पडते म्हणून टाळण्याचे कारण नाही, फक्त मधुमेहींनी बेताने घ्यावे. पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर शौचाला खडा होतो आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खाल्ले, पण चालले नाही तर?

नुसते खाऊन स्नायू परत येत नाहीत. खाटेवर पडून राहिले की चांगल्या माणसाचेही स्नायू गळतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधार देऊन उठवावे, खोलीत चालवावे. त्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोकाही कमी होतो.

मात्र चालणे वेगळे आणि ओझे उचलणे वेगळे. टाके निघतात तेव्हा जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते. तीन आठवड्यांनी ती चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते आणि तीन महिन्यांनी शंभरात ऐंशीपर्यंत. त्यापुढे ती पूर्ववत कधीच होत नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर निदान सहा ते आठ आठवडे भरलेला हंडा, सरपणाची मोळी, पोते उचलू नये. ऊस तोडणाऱ्या बाईने तर तीन महिन्यांच्या आत मोळी डोक्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हर्निया झाला तर दुसरे ऑपरेशन, दुसरी उचल, आणि पुन्हा तीच झीज. उन्हाळ्यात पिशवी काढायची आणि दसऱ्याला फडात जायचे, असे गणित मांडणाऱ्यांनी मधल्या महिन्यांत बाईच्या ताटात काय पडले, तेही त्या गणितात धरावे.

पिशवीसोबत अंडाशय गेले तर

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात. तिथून निघणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडे, रक्तवाहिन्या आणि चरबीची वाटणी सांभाळते. तिशी-चाळिशीत दोन्ही अंडाशय काढले की त्या बाईची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. अंगाची लाही होते, झोप उडते, पोटावर चरबी साठते, हाडातला चुना कमी होत जातो, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. ही झीज आठवड्यांची नसते, वर्षानुवर्षे चालते. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तरी काहींची ही अवस्था थोडी लवकर येते.

म्हणून कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी विचारावे की अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का. अंडाशय आधीच काढलेले असतील तर कागदपत्रे घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. कमी वयाच्या बहुतेक स्त्रियांना नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरकांचे औषध देता येते. रोज सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. दूध, नाचणी, तीळ यांतून ते मिळते. कोवळे ऊन घ्यावे, चालावे.

आणि मुळात ऑपरेशन हवेच का, हेही विचारावे. पांढरे जाणे हा बहुधा जंतुसंसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो. पाळीत जास्त जात असेल तर औषधे आहेत, गर्भपिशवीत बसवण्याची संप्रेरकाची तांबीही आहे. "कॅन्सर होईल" या भीतीने पिशवी काढू नये. आधी तपासणी करावी. पिशवीच्या तोंडाची तपासणी सोपी असते आणि सरकारी रुग्णालयात होते. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, सिद्ध झालेला कर्करोग अशा वेळी ऑपरेशन टाळणेही तितकेच चुकीचे. शंका असल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यावा.

लक्षात ठेवण्यासारखे

१. ऑपरेशन ठरताच वजन, हिमोग्लोबिन आणि साखर यांची नोंद करून ठेवावी.
२. वेळ असेल तर रक्त वाढवूनच ऑपरेशन करावे. मिश्री-तंबाखू बंद.
३. किती तास उपाशी राहायचे, ते घड्याळाच्या वेळेसह विचारून घ्यावे.
४. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, फळे बंद करू नयेत.
५. जेवता येत असेल तर ताकदीसाठी सलाईन मागू नये.
६. लवकर चालावे, पण उशिरा ओझे उचलावे.
७. ताप, टाक्यातून पाणी किंवा पू, वाढते पोटदुखी, सतत उलट्या, पिंढरी सुजणे, दम लागणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.
८. महिन्याने पुन्हा वजन करावे. ते घटत असेल तर कारण शोधावे.
९. डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा. त्यावर काय काढले, ते लिहिलेले असते.

शेवटी घरातील पुरुषांना आणि सासूबाईंना एक विनंती. आपल्याकडे बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलेले खाते. निदान ऑपरेशननंतरचे तीन महिने तिचे ताट आधी वाढा. शल्यचिकित्सकाचे काम तासा-दोन तासांत संपते. उरलेले काम घरातल्यांचे असते, आणि त्याला भाकरी-वरणापलीकडे फारसे काही लागत नाही.